चौथा कान

माझ्या भाटव्यांनी आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चंद्रपुरात पस्तीस वर्षांपासून ते फोटोग्राफर आहेत, अर्ध्या शहराला त्यांनी आपल्या स्टुलावर बसवलं आहे, आणि तरीही अमुक माणूस दिसतो कसा असं विचारलं तर ते विचारात पडतात. कान मात्र विचारा. पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, असा नियम त्यांनी उमेदवारीच्या काळात कुठल्याशा फॉर्मच्या मागच्या बाजूला वाचला. बाकीचे फोटोग्राफर तो पासपोर्टपुरता पाळतात. भाटव्यांनी तो बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे लावला. त्यांच्यामुळे आमच्या नात्यातल्या एकाही बाळाचा टोपड्यातला फोटो नाही. सगळी बाळं उघड्या डोक्याची आणि रडणारी आहेत. बटण दाबायच्या आधी इतर लोक "हसा" म्हणतात. भाटवे बोट नाचवत कान मोजतात. "एक, दोन," आणि खट्. जोडपं असलं तर चारपर्यंत. एकदा एका ऑफिसातल्या निरोप समारंभाला त्यांनी एकशे चारपर्यंत मोजलं, दोन कान कमी भरले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तिसऱ्यांदाही दोनच कमी भरले, आणि मग लक्षात आलं की ज्यांना निरोप द्यायचा होता तेच कंटाळून घरी निघून गेले होते.

यामागे त्यांचं शास्त्र आहे, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या स्टुडिओतून कोणी सुटत नाही. "नाक फुगते, गाल बसते, केस तं राहातच नाई," ते पावडरचा डबा उघडत म्हणतात. "कान जसेच्या तसे. माणूस खोटा बोलंल, कान नाई बोलत." बाजारात ते समोरून येणाऱ्या माणसाच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत, तो पुढे गेला, बाजूने कान दिसला, की मागून हाक मारतात. भाटव्यांच्या एका भाचीसाठी स्थळ आलं होतं. मुलाचा फोटो तिरप्या उभ्या पोझचा, हात खिशात, एकच कान. सगळ्यांना मुलगा पसंत. भाटव्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "दुसऱ्या कानात काय लपवून राह्यला हा?" आम्ही हसलो. मुलगा बघायला आला तेव्हा त्याच्या दुसऱ्या कानात फोनचं ते बिनतारी यंत्र होतं, आणि चहा-पोहे संपेपर्यंत तो अधूनमधून "हो, हो, पाठव" असं म्हणत होता. आमच्या मुलीला नव्हे. तेव्हापासून घरात भाटव्यांच्या शास्त्राला उघडपणे हसायची चोरी झाली.

मी मात्र हसते, कारण माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी काढला आहे. त्या अल्बममध्ये मी नवऱ्याच्या गळ्यात हार घालते आहे, पण बघते आहे कॅमेऱ्याकडे, नवराही कॅमेऱ्याकडे, हार निम्मा भटजींच्या खांद्यावर. सप्तपदी चालताना आम्ही दोघं खेकड्यासारखे आडवे चाललो आहोत. जेवणाच्या पंगतीत साठ माणसं घास हातात धरून एकदम वर बघत आहेत, जणू मांडवावर काहीतरी पडलं आहे. आमच्या सगळ्या आज्या-काकवांचे पदर मागे सारलेले, आणि त्यामुळे चेहरे रागावलेले. "भाऊजी, एका तरी फोटोत आम्ही एकमेकांकडे बघतोय असं काढायचं होतं ना," मी अल्बम आल्यावर म्हटलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "एकमेकाइकडे पाहाले पुढं जिंदगी पडली हाये, बाई. फोटोत माह्याकडे पाहाचं."

स्टुडिओत त्यांच्याकडे एक काळा कोट आहे. पाठीतून उभा कापलेला आणि नाड्या लावलेला, म्हणजे बारक्यालाही बसतो आणि जाड्यालाही. चंद्रपुरातले कित्येक वकील, शिक्षक आणि नवरदेव आयुष्यात प्रथम ज्या कोटात दिसले तो हाच. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला, लग्नांत ड्रोन आले, नवरानवरी लग्नाआधीच तलावाच्या काठी धुरात उभी राहून फोटो काढून घ्यायला लागली, आणि त्या फोटोंत चार कानांपैकी एखाददुसरा दिसला तर नशीब. स्टुलावर धूळ बसायला लागली, तेव्हा भाटवे बाहेरची कामं घेऊ लागले. पुतण्याने त्यांना कार्ड छापून दिलं, त्यावर "फ्रीलान्स फोटोग्राफर" असं होतं. भाटव्यांनी सगळी कार्डं परत केली. "फ्री म्हटलं का लोक फुकटात फोटो मांगते," असं म्हणून त्यांनी शब्द बदलून घेतला. आता त्यांच्या कार्डावर "फिरलान्स फोटोग्राफर" आहे. जो फिरतो तो फिरलान्सर. या शब्दात मला तरी चूक सापडलेली नाही.

गेल्या मार्चमध्ये या फिरलान्सरला आलापल्लीच्या पलीकडल्या एका गावाचं काम मिळालं. तिथल्या अडतीस कुटुंबांचे वनहक्काचे दावे तयार होत होते. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसली तिचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळायचा होता, आणि त्यासाठी फायलीत प्रत्येक जोडप्याचा एकत्र फोटो लागत होता. भाटव्यांच्या दृष्टीने ही स्वर्गातून आलेली ऑर्डर होती. अडतीस जोडपी, समोरून. "एकशे बावन कान," ते फोनवर मला म्हणाले. आवाज भरून आला होता.

त्याच सुमाराला माझ्या ताईने एक घोषणा केली. ती म्हणाली, यंदा वाघ पाहिल्याशिवाय मी राहणार नाही. ताईचा जन्म चंद्रपूरचा, सासर चंद्रपूरचं, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिला वाघ दिसलेला नव्हता. तिच्या शेजारणीला सकाळी फिरायला गेली असता दिसला. तिच्या दूधवाल्याला दोनदा दिसला. माझ्या नवऱ्याची पुण्याची आत्येबहीण दीड दिवसासाठी आली, तीन वाघ आणि एक अस्वल पाहून गेली, आणि निघताना ताईला म्हणाली, "तुम्हाला काय, रोजच दिसत असतील!" ताईने तिच्या हातात लोणच्याची बरणी दिली होती ती परत घ्यावीशी वाटली, असं तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा ठरलं की दोन्ही कामं एका सहलीत उरकायची. मी बस आगारात गाड्या सोडायचं काम करते, त्यामुळे वेळापत्रक माझ्याकडे आलं. शनिवारी पहाटे निघायचं, मार्कंड्याचं देऊळ बघायचं, दुपारी गावात फोटो, मुक्काम आलापल्ली. रविवारी सकाळी उरलेले फोटो, नऊला परत निघायचं, दीडला मोहर्लीचं जंगलाचं फाटक, दोनला जंगल फिरवणारी जिप्सी, आणि चार-साडेचारच्या सुमारास ताईला वाघ. गाडी आमची, चालवणार माझा नवरा. तो गाडी चालवताना बोलत नाही, आणि चालवत नसतानाही फारसं बोलत नाही. जिप्सीची चार तिकिटं मी महिनाभर आधी काढली होती, आणि दुसरी तारीख पावसाळा संपेपर्यंत मिळणार नव्हती.

भाटव्यांनीही तयारी केली. वाघाचा फोटो समोरूनच काढायचा, हे त्यांनी ठरवलं होतं. "गाइडले सांगजा, गाडी वाघाच्या सामने लावाची. बाजूनं नाई," ते मला म्हणाले. आठवडाभर ते शेजारच्या मांजरावर सराव करत होते. मांजराने एकदाही दोन्ही कान एका दिशेला ठेवले नाहीत, म्हणून त्यांनी मांजराशी बोलणं टाकलं.

शनिवारी मार्कंड्याला आम्ही वेळेवर पोचलो. वैनगंगेच्या काठचं ते देऊळ, भिंतीभिंतीवर कोरलेल्या मूर्ती. लोक हात जोडत होते, सेल्फी काढत होते. भाटवे एकेका मूर्तीच्या बाजूला जाऊन मान वाकडी करत होते. "पाय बाई," त्यांनी मला ओढत नेऊन दाखवलं, "नाकं गेली, हात गेले, अन् कान पाय कसे हाये! त्या कारागिराले समजत होतं." एका अप्सरेने मान वळवली होती, तिचा एकच कान दिसत होता. तिच्यासमोर ते थोडा वेळ थांबले आणि "हे काम दुसऱ्याचं असंल" असं म्हणून पुढे गेले.

दुपारी गावात पोचलो. गोटुलच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेच्या ओसरीत भाटव्यांनी निळी चादर टांगली, समोर बाक ठेवला आणि कोट बाहेर काढला. मोहाला नुकती फुलं लागली होती. गावभर तो गोड, जड वास होता, आणि त्या उन्हात एकामागून एक पुरुष तो कोट घालून बाकावर बसत होते. ताई आरसा धरत होती आणि बायकांच्या डोळ्यांवर आलेले केस मागे सारत होती. "एक, दोन, तीन, चार," खट्. कोट काढा, पुढच्याला द्या. ग्रामसभेच्या सचिव बाई, तिशीतल्या, चटपटीत, फायलीत नावं टिपत होत्या. मी त्यांना हळूच म्हटलं, "अवो, साऱ्या गावाच्या अंगात एकच कोट दिसंल." त्या म्हणाल्या, "दिसू द्या, ताई. साहेबाच्या फॉर्मात कोटाचा रकाना नाई." संध्याकाळपर्यंत सदतीस जोडपी झाली. वेळापत्रकाच्या मानाने आम्ही पुढे होतो. माझ्या नोकरीत असं फार वेळा होत नाही, म्हणून मी खूश होते.

अडतिसावं जोडपं रविवारी सकाळी सातला आलं, आणि निम्मंच आलं. एक वाळका म्हातारा, स्वच्छ धोतर, हातात बायकोच्या मतदान कार्डाची झेरॉक्स. बाकावर बसला, कोट घातला, आणि झेरॉक्स पुढे करून म्हणाला, "हिले बाजूले जोडून द्या. चंद्रपुरात कॉम्प्युटरवर होते म्हणते."

"होते," भाटवे म्हणाले. "मी नाई करत."

सचिव बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हातारी अकरा वर्षांपासून नवऱ्याकडे राहत नव्हती. यांच्या धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या कडेला मोहाचं मोठं झाड होतं. तिच्या सासूने तिला दाखवून दिलेलं, दर उन्हाळ्यात पहाटे तिने त्याची फुलं वेचलेली. धानावर सावली पडते म्हणून म्हाताऱ्याने ते तिला न विचारता तोडलं. ती त्याच दिवशी टोपली उचलून लेकीच्या पाड्यावर गेली आणि त्यानंतर नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. आता फाइल सोमवारी सकाळी तालुक्याला जाणार होती. फोटो नसला तर तिचं नाव पट्ट्यावर चढणार नव्हतं. "अन् त्या जमिनीतले गोटे तिनंच वेचले हाये, ताई," सचिव बाई म्हणाल्या. "आमी लहानपणी पाह्यलं हाये. पण ते म्हणते, मी त्याच्या बाजूले बसत नाई."

मी घड्याळ पाहिलं. मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. "भाऊजी," मी म्हटलं, "द्या ना जोडून. तिचं नाव लागलं म्हणजे झालं. तिचंच भलं होऊन राह्यलं त्यात."

भाटवे कॅमेऱ्याची काच पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "एकदा जोडला होता, बाई. असाच. नवरा आला, घाई हाये म्हणे, बायको माहेरी हाये. मी जोडून देल्ला. चांगला जोडला, कोणाले समजलं नाई. दोन सालानं ते बाई स्टुडिओत आली. तिचं घर इकल्या गेलं होतं. कागदावर ते नवऱ्याच्या बाजूले बसून होती, अन् तिले मालूमच नव्हतं." त्यांनी काच उजेडाकडे धरून पाहिली. "तिनं फोटो पाह्यला अन् म्हणे, कान माह्येच हाये."

पस्तीस वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. ताईने ऐकली असावी, कारण ती तोपर्यंत चप्पल घालून गाडीजवळ उभी होती. "चला," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "आपण आणू तिले." मी तिला आठवण करून दिली की नऊला निघालो नाही तर जिप्सी आपल्यासाठी थांबणार नाही. तिने दार लावता लावता मला उत्तर दिलं, "तुह्या वेळापत्रकात मी नाई तं वाघ कोणाले दाखवतं?" आणि ती, सचिव बाई आणि माझा नवरा पाड्याच्या वाटेला लागले.

ते परत आले तेव्हा सव्वादहा झाले होते. म्हातारी गाडीतून उतरली आणि म्हाताऱ्याजवळून अशी गेली की तिथे खांब उभा असावा. ठेंगणी, ताठ, आणि कानांच्या पाळीपासून वरच्या कडेपर्यंत ओळीने भोकं, त्यांत बारीक बारीक रिंगा. भाटवे उभेच राहिले. हातातला पावडरचा डबा उघडा राहिला. "असे कान," ते म्हणाले, "मी पस्तीस सालात पाह्यले नाई."

सचिव बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारीने पहिल्यांदा मान वर करून भाटव्यांकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. सचिव बाई हसू दाबत म्हणाल्या, "ते म्हणते, ह्यानं चाळीस वर्षांत नाई पाह्यले."

"पाह्यले होते," म्हातारा कोटातून पुटपुटला. ते कोणी तिला सांगितलं नाही. पण तो मराठीत बोलला होता, आणि तिला मराठी समजत नाही असं मानायला मला तरी काही कारण दिसलं नाही.

बाकावर मात्र ती बसेना. ताईने समजावलं, सचिव बाईंनी फाइल दाखवली, मी घड्याळ दाखवलं. जमिनीवर नाव हवं होतं तिला. गोटे वेचलेत, का नको? पण त्याच्याजवळ बसून गोड दिसायचं, लोकांनी उद्या म्हणायचं की म्हातारीचा राग गेला, हे तिला मंजूर नव्हतं. राग गेलेला नव्हता. झाड परत आलेलं नव्हतं. तिचं बरोबर होतं.

तेव्हा भाटवे तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, आयका," ते म्हणाले, आणि सचिव बाई एकेक वाक्य पुढे देत गेल्या. "त्याच्याकडे पाहाचं नाई. अजिबात नाई. हसाचं नाई. बोलाचं नाई. त्याच्या खांद्याले खांदा लावाचा नाई. तोंडावर राग असंल तं राहू द्याचा. फक्त सरळ माह्याकडे पाहाचं. तो बी तुमच्याकडे पाहाणार नाई, मी पाहू देणार नाई. फॉर्मात राग गेला का नाई ते इचारलंच नाई. फॉर्मात फक्त कान इचारले हाये."

म्हातारीने ते दोनदा सांगून घेतलं. मग तिने एकच प्रश्न विचारला: "एक शब्द बी नाई?" तो तिने सरळ मराठीत विचारला.

"एक शब्द बी नाई," भाटवे म्हणाले.

ती उठली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. दोघांच्या मध्ये एक वीत जागा. ताईने तिचे केस दोन्ही कानांमागे सारले. माझ्या लग्नाच्या अल्बममधली सगळी पानं माझ्या डोळ्यांपुढून गेली, ते सगळे समोर बघणारे, कोरे, ताठ चेहरे. आणि जगात असंही कोणी असू शकतं ज्याला नेमका तसाच फोटो हवा असतो, हे मला त्या ओसरीत उभं राहून कळलं. भाटवे मागे सरकले. "एक," त्यांनी बोट धरलं. "दोन. तीन." म्हाताऱ्याची मान किंचित डावीकडे वळायला लागली होती. "भाऊ! सामने!" म्हातारा दचकून सरळ झाला. म्हातारीच्या तोंडावर काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं मी म्हणणार नाही. "चार." खट्.

भाटव्यांनी बरोबर आणलेल्या छोट्या प्रिंटरवर फोटो छापून फायलीला दिला. मग जेवल्याशिवाय सोडणार नाही असं गावाने ठरवलं, आणि आम्ही निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हातारीला परत पाड्यावर सोडायला सचिव बाईंनी मोटारसायकल बोलावली होती. म्हातारा कोट परत द्यायला आला, तेव्हा त्याने घडी घालून, नाड्या आत दुमडून दिला. सदतीस जणांनी तो नुसता काढून टाकला होता.

आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर. भाटवे पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. गोंडपिपरी मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "तुहा वाघ राह्यला वो." ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाघ काई फाइल घेऊन तालुक्याले जात नाई उद्या. राहू द्या."

जिप्सी केव्हाच गेली असणार हे ठाऊक असूनही माझ्या नवऱ्याने चंद्रपुरात गाडी घराकडे न वळवता सरळ पुढे नेली, आणि मोहर्लीला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. फाटकापाशी रिकामा रस्ता, धूळ, टोप्यांचं एक दुकान, आणि एक मोठा फलक. त्यावर रंगवलेला वाघ, तोंड समोर, दोन्ही कान उभे. चितारी नक्की भाटव्यांच्या विचारांचा असणार. ताई त्या फलकापाशी गेली, साडी नीट केली आणि म्हणाली, "काढा. पुण्याच्या बाईले पाठवतो. म्हणतो, आमच्या वाघाले मी हात लावला."

भाटव्यांनी कॅमेरा बाहेर काढला. मी मुद्दाम घड्याळ बघितलं नाही. "सामने पाय," ते म्हणाले. ताई समोर बघत उभी राहिली. "एक, दोन," त्यांनी वाघाचे मोजले. "तीन..."

तेवढ्यात फाटकाच्या आतून, फार लांबून नव्हे, चितळाची धोक्याची हाक आली. एकच, तीक्ष्ण. मग वानर खाकरलं. मग पुन्हा चितळ. दुकानातला माणूस टोप्या लावता लावता थांबला आणि म्हणाला, "चालून राह्यला. पाण्याले जात असंल." ताईची मान जंगलाकडे वळली होती. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि एक हात नकळत वर झाला होता, आम्हाला सगळ्यांना गप्प करायला. तशी ती किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. आवाज हळूहळू आत आत गेले आणि थांबले. दिसलं काहीच नाही. झाडंसुद्धा हलली नाहीत. मधेच केव्हातरी मला "खट्" ऐकू आलं होतं.

पावसाळ्यानंतर पट्टे वाटले गेले. सचिव बाईंनी फोन करून सांगितलं की अडतीसच्या अडतीस आले, आणि अडतिसाव्यावर दोन्ही नावं आहेत. म्हातारी अजून लेकीकडेच आहे. तिने फोटोची एक प्रत मागितली होती. भाटव्यांनी मोठी करून पाठवली. ती तिने लेकीच्या घरात भिंतीवर लावली आहे, आणि नवऱ्याच्या तोंडावर भाताच्या शिताने कागदाचा तुकडा चिकटवला आहे. "पण कापला बराबर हाये," सचिव बाई म्हणाल्या. "तोंड झाकते. कान दिसते." ही बातमी ऐकून भाटवे दोन दिवस आनंदात होते.

परवा काही कामाने मी स्टुडिओत गेले. स्टुलावर धूळ होती, कोट खुंटीला होता. समोरच्या भिंतीवर, जिथे पस्तीस वर्षं एका नवरदेवाचा नमुना म्हणून लावलेला फोटो होता, तिथे आता मोहर्लीचा फोटो लावलेला आहे. रंगवलेला वाघ सरळ आपल्याकडे बघतो आहे. आणि त्याच्या शेजारी ताई, मान वळलेली, हात वर, कॅमेऱ्याकडे पाठ नाही पण लक्षही नाही. त्यांच्या हातून असा फोटो मी कधी पाहिला नव्हता. असे निघाले तर ते पुसून टाकतात.

मी बोटाने मोजले. "भाऊजी," मी म्हटलं, "हे तीनच भरते."

भाटव्यांनी पावडरचा डबा पुसून जागेवर ठेवला. फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. न पाहता त्यांना तो पाठ असावा.

"चौथा कामात हाये, बाई," ते म्हणाले. "आयकून राह्यला."